हातच्या कांकणाला

गाडी पिवळी होती, पिकल्या लिंबासारखी.
बाणेरच्या त्या सोसायटीच्या तळघरात
सगळ्या झाकलेल्या गाड्यांमध्ये ही एकटीच जागी.
केळुसकरांनी चावी फिरवली आणि आवाज
आधी माझ्या छातीत आला, मग कानात.
दोन लिटर, टर्बो, दोनशे चाळीस घोडे.
त्या क्षणी मला माझ्या घरच्या गाडीचा नंबर आठवेना.

मी पतसंस्थांचा ऑडिटर.
अठ्ठावीस वर्षं लोकांच्या वह्यांत लाल टिंबं देत आलोय.
फार नीटनेटका हिशेब दिसला की
मानेवर काटा येतो माझ्या.
इथे सात वर्षांच्या गाडीच्या मीटरवर
एकतीस हजार दिसले, आणि मी म्हणालो,
वा.

बायको म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखव.
ज्याला तूही कुणी नाहीस आणि तो केळुसकरही.

म्हणून नाना पेठेतून तबस्सुम मुजावर आली,
स्कूटरवर, पायाशी हत्यारांची पेटी.
फी आधी घेतली, साडेतीन हजार.
"चांगली निघाली तरी तेवढेच,
वाईट निघाली तरी तेवढेच."

केळुसकर हसले.
"डॉक्टरांची गाडी हो, एकच मालक.
हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तबस्सुमने पेटीतून खरोखरच आरसा काढला.
लांब दांडीचा, पाणीपुरीच्या पुरीएवढा.
तो बाजूला ठेवला आणि आधी रंगाची जाडी मोजायला घेतली.
यंत्र टेकवायचं, आकडा म्हणायचा, पुढे सरकायचं.
बॉनेट एकशे दहा. दार एकशे बारा. छत एकशे आठ.
पाढे म्हणावेत तशी.
मागच्या डाव्या चाकावर पाढा अडला.
तीनशे साठ.
ती काही बोलली नाही, पुन्हा टेकवलं.
तीनशे बावन्न.
केळुसकरांना नेमका तेव्हा फोन आला,
ते खांबामागे गेले.

मग डॅशबोर्डखाली वायर जोडून
तिने गाडीलाच विचारलं.
मीटर एकतीस हजार म्हणत होतं,
गिअरबॉक्सची मेमरी चौऱ्याहत्तर.
दोन वह्या.
माझ्या धंद्यातला सगळ्यात जुना खेळ,
आणि मी चक्क गाडीची बाजू घेतली.
म्हणालो, मशीनसुद्धा चुकतं ना कधी?

"या, झोपा इथे," ती म्हणाली.
पुठ्ठा अंथरला. इस्त्रीच्या शर्टासकट मी आडवा झालो.
टॉर्चच्या उजेडात, आरशात, चॅसीवर
वेल्डिंगची रेघ: मुंग्यांनी घाईघाईत बांधलेली वाट.
मागून कुणीतरी जोरात धडकलं होतं तिला,
मग कुणीतरी ओढून सरळ केलं होतं,
मग कुणीतरी लिंबाचा रंग.
आरसा जरा कलला आणि त्यात
एक डोळा आला, अर्धा गाल, पांढरी मिशी.
एवढं सगळं पाहूनही
त्या माणसाला ती गाडी हवी होती.

"जुन्या गाडीला दोष असतोच, साहेब.
क्लच गेला, टर्बो गेला, त्याचे पैसे मांडता येतात.
हे ताम्हिणीच्या वळणावर ऐंशीला कसं वागेल,
ते मला मांडता येत नाही."
दोन पानं लिहून दिली. अक्षर सुरेख.
खाली सही, आणि सहीखाली वेळसुद्धा.

तीन दिवसांनी केळुसकरांचा फोन.
"गेली बरं का. चिखलीचा पोरगा, पंचविशीतला.
आला, आवाज ऐकला, टोकन ठेवलं.
तुमच्यासारखी कटकट नाही."
नाव विचारलं मी. ते म्हणाले, तुम्हाला काय करायचंय?

ती दोन पानं ड्रॉवरमध्ये आहेत, लाल पेनाशेजारी.
ज्याला हवी होती त्याच्याकडे ती नाहीत.

आम्ही बावधनला राहतो.
रात्री चांदणी चौकाच्या बाजूने कधी
तो आवाज चढत येतो, छातीतून आधी,
आणि मी माठापाशी भांडं धरून थांबतो,
तो पुढच्या वळणावरून
पलीकडे निघेपर्यंत.